गव्हाला पाण्याच्या पाळ्या किती?
विहिरीत दोनच पाळ्यांचं पाणी असेल तर गहू पेरू नये, या मताशी मी सहमत नाही. पाळ्या किती यापेक्षा त्या कधी दिल्या, हे गव्हात फार महत्त्वाचं. दोनच शक्य असतील तर पहिली पेरणीनंतर 20 ते 22 दिवसांनी आणि दुसरी 60 ते 65 दिवसांनी द्या. पहिल्या वेळी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या तळाशी येणारी मुख्य मुळं, फुटतात. तेव्हा ताण बसला की फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी पाजलं तरी ते भरून निघत नाही. तिसरी पाळी जमली तर ती 40 ते 42 दिवसांनी, कांडी धरताना. एकच पाणी असेल तर तेही याच वेळी, आणि वाण निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती घ्या, तो मर्यादित पाण्यासाठीच काढलेला आहे.

मोकाट पाणी मात्र कृपा करून सोडू नका. उताराला आडवे नव्हे, उताराच्या दिशेने अरुंद सारे, म्हणजे वरंब्यांमधले लांब पट्टे, पाडा. हलक्या जमिनीत तुषार संच उत्तम, फक्त दाणे भरताना वारं असेल तर पाणी थांबवा, गहू लोळतो.