कच्चं दूध आणि अ‍ॅलिस इव्हान्स

काही जण म्हणतात की कच्चं दूधच खरं ताकदीचं, पाश्चरायझेशन (दूध तापवून जंतू मारणं) म्हणजे डेअरीवाल्यांचा धंदा. अहो, हेच सगळं शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जंतूंचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅलिस इव्हान्सला ऐकवून झालंय! माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना जो चढ-उताराचा ताप (ब्रुसेलोसिस) यायचा त्याचा जंतू डॉक्टर ब्रूसने 1887 मध्ये शोधला, तो शेळीच्या दुधातून येतो हे माल्टाच्याच डॉक्टर झमितने 1905 मध्ये दाखवलं, आणि शेळ्या दिसायला एकदम ठणठणीत. गाय ज्याने गाभडते (गर्भ पडतो) तो जंतू वेगळाच, माणसाला त्याचा काही त्रास नाही असं तेव्हा सगळे धरून चालले होते. अ‍ॅलिसबाईंनी दोन्ही जंतू शेजारी ठेवून तपासले आणि 1917 मध्ये सांगितलं की हे तर जवळजवळ एकच, दूध तापवून घ्या. पण बाई, त्यात पीएचडी नाही, कोण ऐकणार? थिओबाल्ड स्मिथसारखा मोठा जंतुशास्त्रज्ञ विरोधात. 1922 मध्ये अ‍ॅलिसबाईंना स्वतःलाच हा ब्रुसेलोसिस झाला, पुढे कित्येक वर्षं दुखणं उलटत राहिलं आणि काही डॉक्टर म्हणे मनाचे खेळ आहेत.

आपल्याकडे दूध उकळतात म्हणून बरंचसं निभावतं, पण गाय गाभडल्यावर उघड्या हाताने वार (गर्भाचं वेष्टन) ओढणारे कमी नाहीत, धोका तिथेही आहेच. आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना या रोगाची सरकारी लस फुकट मिळते, ती तरी टोचून घ्या राव.