बरं वाटलं म्हणून शेजारधर्मही स्वार्थच का?

पऱ्हाटी (यवतमाळ)
गावातल्या वाचनालयाच्या चर्चेत एक मुद्दा अडून बसलाय. एका पक्षाचं म्हणणं, माणूस जे करतो ते स्वतःच्या समाधानासाठीच, म्हणून परमार्थही स्वार्थच. उदाहरण असं धरलंय: पावसानं दोन दिवस उघडीप दिली, सोयाबीनमध्ये तण माजलं, शेजारणीकडे बैल नाहीत. एकानं आपली डवरणी थांबवून आधी तिचं वावर डवरून दिलं. पैसे नाहीत, सावडीची फेड नाही. त्याला बरं वाटलं. एवढ्यावरून तो स्वार्थी ठरतो का? वर उपनिषदातलं 'आत्मनस्तु कामाय सर्वं प्रियं भवति' (आत्म्यासाठीच सगळं प्रिय होतं) हेही पुराव्याला आणलं जातं.

डवरा
सावड बाजूला काढलीत हे बरं केलंत भाऊ. तिथे फेडीचा हिशेब असतो. भर्तृहरीच्या नीतिशतकात अशांसाठी वेगळा वर्ग आहे: 'स्वार्थाविरोधेन', म्हणजे स्वतःच्या हिताला धक्का न लावता, परार्थ करणारे. त्यांना तो सामान्य म्हणतो, वाईट म्हणत नाही. स्वार्थ सोडून झटणारे सत्पुरुष निराळे, स्वार्थापायी दुसऱ्याचं हित मारणारे मानवराक्षस निराळे. 'सगळेच स्वार्थी' म्हटलं की हे तिन्ही एकाच पोत्यात जातात आणि त्या शब्दाला काही कामच उरत नाही.

आता समाधान. इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ बटलरनं १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत ही गाठ सोडवली आहे. इच्छा माझी असते, पण तिचा विषय दरवेळी मीच असतो असं नाही. शेजारणीचं पीक वाचावं असं आधी वाटतच नसेल, तर ते वाचल्यावर बरं वाटायचं कारण काय? चर्चेत हे तपासायचं तर असं विचारा: एक गोळी घेतली की 'तिचं काम झालं' असं तेवढंच समाधान मिळेल, वावर मात्र तणातच राहील. गोळी घेतो म्हणाला, तर त्याला समाधान हवं होतं. नको म्हणाला, तर तिचं पीक वाचायला हवं होतं. इथे हमखास पळवाट निघते: 'पुढे टोचणी लागेल म्हणून नको म्हणतो.' मग गोळीनं टोचणीही पुसली जाईल असं धरा आणि पुन्हा विचारा.

काटा
बटलरला प्रयोगाचीही जोड आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसननं १९८१ मध्ये विद्यार्थिनींना एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवले (झटके खोटे होते). काहींना झटक्यांच्या १० पैकी २ फेऱ्या पाहून निघून जायची मोकळीक होती. तरी त्यांच्यातल्या ज्यांना ती बाई आपल्यासारखी वाटली, त्यांपैकी ९१ टक्के मुली तिच्या जागी बसायला तयार झाल्या. ज्यांना तशी वाटली नाही, त्यांच्यात १८ टक्के. नुसतं पाहवत नाही एवढंच असतं, तर उठून जाणं सोपं होतं.

दुसरा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यानं १९९७ मध्ये यावर हरकत घेतली. सहानुभूतीत 'ती' आणि 'मी' यांतला बांध पुसट होतो. मग मदत परक्याला झाली की आपल्याच वाढलेल्या 'मी'ला? खरा वाद इथे आहे, 'स्व' कुठवर जातो याचा.

उपनिषदातलं वाक्य याज्ञवल्क्य ऋषी आपल्या बायकोला, मैत्रेयीला, सांगतो आणि लगेच 'आत्मा वा अरे द्रष्टव्यः' (अगं, आत्मा पाहायला हवा) म्हणतो. सातबाऱ्यावर ज्याचं नाव असतं तो माणूस मुद्दाम पाहायला, त्याचं मनन करायला कशाला सांगेल? तो आत्मा शेजारणीतही आहे, म्हणून त्या वाक्यानं तिला वगळता येत नाही.

आठव्या शतकातला बौद्ध आचार्य शांतिदेव उलट टोकानं येतो: दुःखाला मालकच नाही. बाभळीचा काटा पायात रुतला तर दुखणं हाताचं नसतं, मग हात तो का काढतो? एकाच शरीराचे म्हणून, असं म्हणाल तर शरीर हीही रांगेसारखी, सैन्यासारखी नुसती जुळणी. दुःख कुणाचं हे न पाहता निवारायचं, कारण ते दुःख आहे.

यात एक दुवा कच्चा आहे. 'मी' नाही एवढ्यावरून 'सगळ्यांची काळजी घ्या' निघत नाही. 'कुणाचीच नको' असंही निघेल. दुःख मुळातच वाईट, हे वेगळं गृहीत धरावं लागतं. चर्चेत ते उघड मांडा.

पऱ्हाटी
म्हणजे उपनिषदातला 'स्व' घेतला, तर 'स्वार्थी' हे त्या माणसाला दूषण उरत नाही. आमच्याकडे दोषारोप एका अर्थानं होतो आणि पुरावा दुसऱ्या अर्थाचा येतो.

डवरा
तेच. गोळीचा प्रश्न आधी घ्या, इच्छा कशाची ते वेगळं निघू द्या, मग 'स्व'कडे वळा. आधी आत्म्यात शिरलात तर दोन्ही पक्ष 'स्वतः' हाच शब्द वापरून वेगवेगळं बोलत राहतील.