डिसेंबरच्या कार्यक्रमाला गाणी सुचवा (३२ गळे, एक पेटी)

पेटीमास्तर

नमस्कार मंडळी. हर्णै बंदराजवळच्या एका शाळेत मी दर शनिवारी गाणं शिकवायला जातो. तिसरी ते सातवीची ३२ पोरं आहेत. डिसेंबरअखेर स्नेहसंमेलन. यंदा मोठ्या बाईंचं फर्मान आहे, "मास्तर, सगळ्या धर्मांची गाणी पाहिजेत." पोरं कोळ्यांची, कुणब्यांची, नऊ जण कोकणी मुसलमानांचे आणि एक ख्रिस्ती मुलगी.

गेल्या वर्षीची फजिती आधी सांगतो. 'जिंगल बेल्स' बसवलं. स्टेजवर थर्माकोलचा बर्फ, डोक्यावर पंखे गरगर. तालमीत एका पोराने विचारलं, "मास्तर, एवढा बर्फ हाय, मग म्हावरा कुठं हाय?" आमच्याकडे बर्फ येतो तो टेम्पोतून, मासळीवर घालायला. नंतर कळलं की ते १८५७ सालचं अमेरिकन गाणं, घोड्याच्या घसरगाडीच्या मौजेचं. नाताळचा त्यात उल्लेखच नाही!

दुसरं घेतलं 'सायलेंट नाइट'. माझी पट्टी काळी एक, म्हणजे माझा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, तीच धरली. सुरुवात प ध प ग, छान झाली. शेवटाकडे वरच्या सप्तकातलं 'रें रें मं' आलं आणि पोरं जी किंचाळली, की मागच्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली. एका पालकाने दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन "आमच्या मुलाला हे का म्हणायला लावलं" असंही विचारलं, ते वेगळंच.

तर गाणी कशी निवडू? आणि कुणाचं मन दुखावणार नाही असं काही आहे का?

कट्ट्यावरची गवळण

आधी पट्टी. ते गाणं मध्य सा पासून तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या म पर्यंत) जातं, म्हणजे अकरा स्वरांची झेप. काळी एकला पोरांचा गळा वर फाटणारच. तीन पट्ट्या उतरा, खालच्या सप्तकातली काळी पाच सा धरा. शेवटचा सा जरा पुटपुटल्यासारखा येईल, येऊ दे. झोपवायचंच गाणं आहे ते. सहा मात्रांचं आहे, तुमचा तबलजी दादरा हलक्या हाताने वाजवेल. पण थाप नको हं, नुसतं बोटांनी.

आणि वाद्यांची चिंता करू नका. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा साथीला एक गिटार होती. तुमच्याकडे पेटी आहे, झालं की.

खाडीपलीकडची

त्या पालकांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, म्हणून लिहिते. हजरत ईसांना आम्ही पैगंबर मानतो, कुराणात मरियमच्या नावाची एक अख्खी सूरह (अध्याय) आहे. अडतं ते 'देवाचा पुत्र' या शब्दांपाशी. तेव्हा गाण्याचे शब्द कागदावर लिहून आधी घरी पाठवा. ज्याला म्हणायचं नाही त्याने त्या ओळीला सूर धरून नुसतं गुणगुणावं. स्टेजवरून उतरवू नका त्याला, तेच जास्त लागतं.

दुसरं म्हणजे आमच्या नावाने कुठली तरी कव्वाली किंवा नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं) शोधत बसू नका. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तिला हिवाळ्यात ओढून आणायचं कशाला? आमच्या घरी नात वाद्याशिवाय म्हणतात, तुम्ही पेटी घेऊन बसाल आणि पुन्हा पालक येतील. त्यापेक्षा त्या नऊ पोरांच्या आज्यांना विचारा. बाळाला झोपवताना काय म्हणतात? लग्नात काय म्हणतात? ते आमच्या बोलीतलं असतं, तुमच्या कुणब्यांच्या पोरांनाही अर्धंअधिक कळेल.

अलिबागकर

खाडीपलीकडचींशी सहमत. 'सर्व धर्म' म्हटलं की प्रत्येकाची एकेक हजेरी लागते, तसं नको.

आमच्या आळीत पूर्वी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची घरं होती, लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. १९४८ नंतर बरेचसे इस्रायलला गेले. कुणी तुम्हाला हनुक्का या ज्यू सणाचं गाणं सुचवेल, पण तो सण इथल्या जुन्या लोकांना फार उशिरा माहीत झाला. त्यांचा खरा थंडीतला दिवस एलियाहू हनाबीचा (प्रेषित एलियाचा), जानेवारी-फेब्रुवारीत येतो. गोड पोह्यांचा, नारळ घातलेला मलिदा करतात आणि एलियाहूचं नाव पुन्हा पुन्हा घेणारं गाणं म्हणतात. पालुपद इतकं सोपं की आम्ही शेजारची पोरं मलिद्याच्या आशेने म्हणायचो.

मोहोर

थोडं अवांतर. हिवाळ्याचं गाणं म्हटलं की बर्फच कशाला? आपली थंडी म्हणजे आंब्याचा मोहोर, पहाटेचं धुकं, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात शेंगा-अंडी भाजायला लावलेली पोपटी. पोरांनाच चार ओळी करायला सांगा.

ख्रिस्ती गाणी मराठीत हवी असतील तर रेव्हरंड टिळकांची पाहा. ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. अभंगाच्या वळणाची गाणी आहेत, तुमच्या पोरांच्या जिभेवर लगेच बसतील.

पेटीमास्तर

सगळ्यांचे आभार. एक डोक्यात आलं, बघा पटतंय का. मार्गशीर्ष पौर्णिमेला आमच्या देवळात दत्ताचा पाळणा म्हणतात. 'सायलेंट नाइट' हा सुद्धा पाळणाच निघाला. मग धर्म मोजण्यापेक्षा पाळणेच घेतले तर? बाईंना सांगितलं, त्या "बघू" म्हणाल्या. म्हणजे जमलं.

काल काळी पाचला घेऊन पाहिलं. तार मध्यम लागला, आणि कुणी किंचाळलं नाही. सातवीतली दोन मोठी पोरं खाली नुसती घोगरली, त्यांना टाळ दिले.

पाचवीतल्या एकाने आजीची अंगाई फोनवर भरून आणली. मागे मिक्सर चालू आहे, मध्येच आजी त्याला रागावतेही. मी ठेक्यात बसवायला गेलो तर पोरगा म्हणतो, "तसा नाय मास्तर, आजी तिथं थांबते." थांबते खरी, आणि दर वेळी वेगळी थांबते. तबला काढून टाकला.

मोहोराच्या चार ओळी पोरांनी केल्यात, पैकी दोनांत पोपटीतली अंडी आहेत.

अलिबागकर, मलिद्याचं गाणं जानेवारीत घेईन म्हणतो. पालुपदाची चाल आठवत असेल तर फोनवर म्हणून पाठवाल का? आवाज कसाही चालेल, पट्टी मी शोधतो.