मदत हवी आहे: जपानी वुडब्लॉक प्रिंट (लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं चित्र) घ्यावं का? (तातडीचं)

निशिकासाईकर: टोकियोत जिंबोचोच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रिंट आवडलंय. दुकानदार म्हणतो जुनं आहे. 18 हजार येन. घेऊ का? शनिवारी पुण्याला निघतोय, पटापट सांगा. फोटो चढत नाहीये.

कागदकिडा: कोणाचं? केवढं? मागची बाजू पाहिलीत? जुनं तर 19 व्या शतकातल्या हिरोशिगेंचं चित्रही असतं आणि 1960 चंही.

निशिकासाईकर: 20 व्या शतकातलंच हो. सायकलवर लाकडी पेटी, पेटीत चित्र, समोर पोरं गोळ्या चघळतायत.

माईआजी: अय्या, कामिशिबाई! सायकलवाला आधी गोळ्या विकायचा, मग पेटीतली चित्रं सरकवत गोष्ट सांगायचा. टीव्ही आला आणि धंदा बसला बिचाऱ्यांचा.

हासुईभक्त: शिक्का बघा. प्रकाशक वातानाबेंचा 6 मिमीचा गोल शिक्का असेल तर 1946 ते 1957 मधलं. विषय संपला. खरं तर थोडे पैसे घालून निसर्गचित्रांवाले कावासे हासुईच घ्या.

कागदकिडा: वातानाबेंचा शिक्का वातानाबेंनी छापलेल्या चित्रांवर असतो. इथे चित्रकाराचाच पत्ता नाही!

निशिकासाईकर: दुकानदाराने चिठ्ठीवर वादा सांझो लिहून दिलंय. त्याने काय फरक पडतो?

कागदकिडा: देवा! तोच तर पडतो. चित्रकार वादांनी शोवा काळातल्या (1926-89) कामधंद्यांची मालिका 1938 पासून काढली, युद्धानंतर आणखी चित्रं केली. त्या गोल शिक्क्याचा इथे संबंध नाही. भिंग घेऊन जा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट म्हणजे यंत्रावरची छपाई, सरळ परत फिरा. हाताने छापलेलं असेल तर रंग मागे झिरपलेला दिसतो, बारेन (कागद दाबून घासायची चकती) घासल्याचे वळसेही तिरप्या उजेडात दिसतात.

हासुईभक्त: वादा म्हणजे 'गेट ऑफ हेल'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालेले ना? असोत. पावसात भिजलेला रस्ता बघावा तो हासुईंचाच.

वेरूळवाला: प्रिंट्स करणारे चित्रकार योशिदा हिरोशी भारतात येऊन गेले होते, 1930-31 मध्ये. वेरूळचीही प्रिंट्स आहेत त्यांची. मराठी माणसाने आधी ती शोधावीत.

कागदकिडा: शोधा की. समासात (चित्राभोवतीच्या कोऱ्या कडेत) 'जिझुरी' म्हणजे 'स्वतः छापलेलं' असा शिक्का आणि पेन्सिलीची सही असलेलं मिळालं तर किंमत ऐकून बसा खाली.

चौकटराजा: फ्रेम करताना आम्लमुक्त माउंटच वापरा. काचेला कागद टेकू देऊ नका, पावसाळ्यात बुरशी धरते. आणि उन्हाच्या भिंतीवर नको.

निशिकासाईकर: फ्रेमचं कोणी विचारलंय? आत्ता दुकानातच आहे. ठिपके नाहीत. मागून सायकलवाल्याच्या कोटाचा निळा रंग स्पष्ट दिसतोय. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे पिवळे डाग आहेत. घेऊ ना?

कागदकिडा: डाग दाखवून भाव पाडा. ते डाग घरी काढायला जाऊ नका. समास कापलेले नाहीत ना?

निशिकासाईकर: कुठले समास? चित्र पार कडेपर्यंत आहे.

हासुईभक्त: म्हणून म्हणत होतो, हासुई.