बागेतल्या खोलीपर्यंत वायफाय न्यायचं आहे: रिपीटर, तार की आणखी काही?

परसबागी
घरामागे बाग आणि बागेच्या टोकाला एक खोली. आधी अवजारं आणि अडगळ असायची, आता आवरून मी तिथेच कामाला बसतो. विटांच्या भिंती, वर पत्रा, दार लोखंडी. घरापासून अंतर साधारण ३५ मीटर. राउटर घराच्या पार पुढच्या खोलीत.

बागेत झाडाखाली उभं राहिलं तर फोनवर दोन दांड्या दिसतात. खोलीत पाऊल टाकलं की एक, दार लावलं की तीही जाते. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा गोठतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो म्हणे.

एक रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पसरवणारा डबा) आणून खोलीत लावून पाहिला. आता फोनवर दांड्या पूर्ण, पण वेग तोच रडका. हे कसं काय? खोदकाम शक्यतो नको आहे. खोलीची वीज घरातूनच आली आहे, जमिनीखालच्या पाइपातून.

खटपट्या
त्या पूर्ण दांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या आहेत. राउटरचं रिपीटरलाच धड ऐकू येत नाही, मग तो पुढे काय सांगणार? शिवाय स्वस्तातले रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, म्हणजे जे मिळालं त्याचेही जवळपास निम्मे.

तो उचलून घराच्या बागेकडच्या खिडकीत लावा आणि मग खोलीत बसून बघा. फुकटातला प्रयोग आहे, आधी करून टाका.

गच्चीवरून
दांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या आणि डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. उणे ६० च्या आसपास असेल तर चैन. उणे ६७ पर्यंत कॉल सहसा नीट चालतात. उणे ८० म्हणजे नुसतं नाव दिसतंय. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, त्यामुळे ६७ आणि ८० मध्ये वाटतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे. दाराबाहेर आणि दार लावून आत, दोन्हीकडे मोजा.

परसबागी
मोजलं. रिपीटर खिडकीत असताना दाराबाहेर उणे ६४, आत दार लावून उणे ८१. राउटर फोडून खावा असं वाटतंय.

गच्चीवरून
राउटर बिचारा निर्दोष आहे. ३५ मीटर उघड्यावर वायफायला जड नाही. तुमचं दार आणि पत्रा धातूचे, धातू लहरी परतवून लावतो, आणि उरलेलं काम विटा करतात. पत्र्याच्या डब्यात बसून रेडिओ ऐकायचा प्रकार आहे हा. बाहेरून कितीही जोर लावलात तरी आत थोडंच येणार. सिग्नल तारेने आत न्या आणि आतच पसरवा.

नवशिकी
विजेच्या वायरीतूनच नेट नेणारी जोडी मिळते ना? एक घरात खोचायचा, दुसरा खोलीत. खोदकामही नको. आमच्याकडे चालतंय.

खटपट्या
चालतं तेव्हा झकास. दोन्ही टोकं एकाच मीटरवर हवीत, तीन फेजची जोडणी असेल तर शक्यतो एकाच फेजवर. आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचं. एक्स्टेंशन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) असेल तर तो हाच सिग्नल गोंगाट समजून गाळून टाकतो. डब्यावर छापलेल्या वेगाकडे बघूसुद्धा नका, हातात त्याचा लहानसा हिस्सा येतो. माझ्याकडे ड्रिल मशीन सुरू झालं की नेट झोपायचं. परत करता येत असेल तरच आणा.

परसबागी
मग तारच. विजेच्या त्या पाइपात जागा दिसते आहे. नेटवर्कची केबल त्यातूनच ओढली तर?

तारतम्य
नाही. नाही. नाही.

विजेची वायर कुठे सोलली गेली तर तोच दाब तुमच्या केबलमधून लॅपटॉपपर्यंत येईल, आणि तुम्ही त्याच्यावर हात ठेवून बसलेले असाल. पाइप वेगळा हवा. दोन्ही शेजारून जात असतील तर मध्ये अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

खोदकाम कशाला? कुंपणाची भिंत असेल तर तिच्या अंगाने पाइप क्लिप करून न्या. आत कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल, बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची. घरातली पांढरी-राखाडी केबल उन्हाने तडकते. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. दुकानात तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ठेवून द्या तिथेच. मर्यादा १०० मीटरची आहे, वळणंवळसे धरूनही तुम्ही आत बसता.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. केबल भोकात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, तारेवरून घरात येणार नाही.

सांधेजोड
दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं नेऊ नये असं माझं मत. वीज लांब कुठे पडली तरी अशा तारेत झटका उमटतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, घ्या. टोकं बसवलेली तयार मिळते, दोन्हीकडे एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल यांना जोडणारा डबा), झालं. काचेतून वीज वाहत नाही.

तारतम्य
मुद्दा बरोबर आहे. पण फायबर कोपऱ्यावर करकचून वाकवली की गेली, आणि तयार टोक पाइपातून ओढायचं तर पाइप रुंद हवा. तांबं नेणार असाल तर दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (झटका जमिनीत उतरवणारे) लावा, त्यांना नीट अर्थिंग द्या, आणि ढगांचा गडगडाट ऐकला की पिन काढून ठेवा.

गच्चीवरून
तारही नको असेल तर समोरासमोर बसवायच्या एकाच दिशेने सिग्नल फेकणाऱ्या दोन अँटेनांची जोडी हा तिसरा मार्ग. एक घरावर, एक खोलीवर, आणि दुसरीपासून तार आत. पण मध्ये झाड नको. पानं भिजली की सिग्नल पितात.

परसबागी
झाड बरोबर मध्येच आहे आणि ते मी तोडणार नाही. भिंतीवरून तांबं नेतो. खोलीत काय लावू? जुना राउटर पडून आहे.

खटपट्या
चालेल. आधी लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता बदला (घरचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा. घरून आलेली केबल लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या) लावा, वॅनमध्ये (बाहेरचं नेट जोडायच्या) नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय पसरवायचा) असेल तर एवढंही करायला नको.

नवशिकी
नेटवर्कचं नाव तेच ठेवायचं की वेगळं?

खटपट्या
नाव, पासवर्ड तेच, म्हणजे बागेतून चालताना फोन आपोआप बदलेल. चॅनेल मात्र वेगळे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६, ११ यांतलेच निवडा, ते एकमेकांच्या पायात येत नाहीत.

परसबागी
झालं एकदाचं! दोन दिवस गेले, त्यातला एक कनेक्टर दाबण्यात. खोलीत उणे ४२ दाखवतंय. फक्त वेग ९४ एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही, घरात ३०० मिळतो. केबल खराब निघाली का?

तारतम्य
९४ म्हणजे जोडणी १०० वर पडली आहे. १०० ला केबलमधल्या चार वायर-जोड्यांपैकी दोन पुरतात, हजाराला चारही लागतात. दोन्हीकडचे कनेक्टर उजेडात धरा. आठही वायरी पारदर्शक टोकापर्यंत भिडलेल्या दिसायला हव्यात. क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

परसबागी
सापडलं! घराकडच्या टोकाला तपकिरी वायर तीळभर मागे राहिली होती, पातं तिला शिवलंच नव्हतं. कनेक्टर कापून नवा दाबला, आता २९०. आज अख्खा कॉल दार लावून केला.

आणि सांधेजोड, पाइप रुंदच घेतला आहे, आत नायलॉनची दोरीही सोडून ठेवली आहे. फायबर ओढायची वेळ आली तर तुम्हालाच हाक मारेन.

सांधेजोड
मारा. तोवर गडगडलं की पिन काढा.