नाताळ हा शब्द मूळचा कोणता, आणि स्वीडनमध्ये या सणाला बोकड कशासाठी?

हेमंतऋतू (प्रश्न)

मित्रहो, स्वीडनमधील येव्ले शहरात दरवर्षी नाताळापूर्वीच्या आगमनकाळात भर चौकात पेंढ्याचा सुमारे तेरा मीटर उंचीचा बोकड उभारतात, आणि २०२३ साली जॅकडॉ जातीच्या लहान कावळ्यांनी त्यातले दाणे टिपताना त्याला पार विद्रूप करून टाकले, अशी बातमी माझ्या वाचनात आली. त्या उन्हाळ्यात पाऊस अधिक झाल्याने पेंढ्यात दाणे जास्त राहिले होते, असे कारण तीत दिले होते. वृत्त गमतीचे असले तरी त्यातून दोन प्रश्न मनात आले. ख्रिस्तजन्माच्या सणाशी बोकडाचा काय संबंध? आणि आपण ज्याला सहजपणे नाताळ म्हणतो, तो शब्द मराठीत कुठून आला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरध्रुव

मी बरीच वर्षे स्टॉकहोममध्ये राहतो, म्हणून बोकडापुरते उत्तर देतो. त्या शहराच्या नावाचे पहिले अक्षर रोमन लिपीत 'ग'चे असूनही उच्चार 'य'नेच होतो, त्यामुळे ते नाव पहिल्यांदा कानी पडले तेव्हा मला पैठणीचे येवलेच आठवले होते.

या प्राण्याला येथे 'यूलबोक' म्हणतात. त्यातला 'यूल' हा शब्द ख्रिस्ती धर्म उत्तर युरोपात पोहोचण्याआधीचा असून तो ऐन हिवाळ्यातल्या जुन्या सणाचे नाव होता. नॉर्वेचा राजा हाकोन याने दहाव्या शतकात तो सण ख्रिस्तजन्माच्या दिवसांशी जुळवून घेतला, असे सागा वाङ्मयात, म्हणजे उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन गद्यकथांत, सांगितले आहे. म्हणजे सण बदलला, पण नाव तेच राहिले, आणि त्या नावाच्या आधाराने बोकडही टिकला. पूर्वी बोकडाचे सोंग घेतलेली माणसे घरोघर फिरत, आणि एकोणिसाव्या शतकात तर मुलांना भेटवस्तू आणून देण्याचे कामही बोकडाकडेच होते. पुढे ते नाताळबाबाकडे गेले. शेजारच्या फिनलंडमध्ये मात्र आजही नाताळबाबाला 'योउलुपुक्की' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ 'यूलचा बोकड' असाच होतो. लाल झगा घातलेल्या, पांढऱ्या दाढीच्या आजोबांना बोकड म्हणताना तेथे कोणालाही वावगे वाटत नाही! थॉर नावाच्या जुन्या नॉर्स देवाच्या रथाला बोकड जुंपलेले असत, त्यावरून काहीजण या प्रथेचे मूळ थेट त्याच्यापर्यंत नेतात. मला तो पुरावा तोकडा वाटतो.

येव्लेचा बोकड १९६६ साली प्रथम उभा राहिला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मध्यरात्री कोणीतरी तो पेटवला. तेव्हापासून त्याला जाळण्याचे प्रयत्न हीच एक बेकायदा परंपरा होऊन बसली आहे. १९७६ साली त्याच्यावर मोटार घालण्यात आली, तर २००५ साली हल्लेखोर चक्क नाताळबाबाच्या वेषात आले होते. २००१ साली एका अमेरिकी पर्यटकाने तो पेटवला आणि ही येथील मान्य प्रथा आहे असा आपला समज झाल्याचे सांगितले, तरी त्याला तुरुंगात जावे लागलेच. २०१६ हे पन्नासावे वर्ष म्हणून मोठा बंदोबस्त ठेवला होता, आणि उद्घाटनाच्याच दिवशी बोकड जळाला. त्या मानाने कावळे सौम्यच म्हणायचे.

सोपारेकर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. नाताळ हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. पोर्तुगीजांची सत्ता गोव्यात १५१० पासून होती आणि आमच्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, टिकली. पाद्री, पाव, बटाटा, चावी हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही आला. पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. त्याच लॅटिन शब्दापासून फ्रेंच 'नोएल', इटालियन 'नाताले' आणि वेल्श 'नादोलिग' निघाले. मला अधिक मौज वाटते ती पुढच्या गोष्टीची: लॅटिनमधला 'नातुस' पूर्वी 'ग्नातुस' असा होता आणि तो संस्कृत 'जन्' धातूचा दूरचा भाऊबंद आहे. त्यामुळे नाताळ हा शब्द परका असला, तरी जन्म आणि जात या शब्दांशी त्याचे नाते आहे. (बोकड आणि 'बोक' यांचे मात्र केवळ उच्चारसाम्यावरून सोयरेपण जुळवू नये, ही आगाऊ विनंती.)

वास्को द गामा भारताकडे येत असताना १४९७ च्या नाताळाच्या सुमारास आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत होता, म्हणून त्या भागाला त्याने नाताल हे नाव दिले. आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ते टिकून आहे. पुढच्या मे महिन्यात तो कालिकतला पोहोचला. ब्राझीलमधले नाताल शहरही १५९९ च्या २५ डिसेंबरला वसले, म्हणून ते नाव. आपल्याकडे सणाला जे नाव मिळाले, तेच तेथे ठिकाणांना मिळाले.

मांडवीतीर

गोव्यातील दोन शब्दांची भर घालतो. नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुलां, बेबिंक यांचे ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, त्यात हिंदू शेजारीही आले, पाठवण्याची रीत आहे. त्या फराळाला 'कोंसुआद' म्हणतात आणि मंगळूरकडे तोच शब्द 'कुस्वार' होतो. मूळ पोर्तुगालमध्ये 'कोंसुआदा' म्हणजे नाताळाच्या आदल्या रात्रीचे कुटुंबाचे जेवण. शब्द समुद्र ओलांडून आला आणि जेवणाच्या मेजावरून उठून शेजाऱ्याच्या दारात गेला. दिवाळीत फराळाचे ताट उलट दिशेने येते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा शब्द 'मिसा दो गालो', म्हणजे कोंबड्याचा मिस्सा. मध्यरात्रीच्या प्रार्थनेचे हे पोर्तुगीज नाव. येशू जन्मला त्या रात्री कोंबडा मध्यरात्रीच आरवला, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात.

हेमंतऋतू

सर्वांचे आभार. एक शंका उरली: मूळ शब्दाच्या शेवटी 'ल' असताना आपण 'ळ' का म्हणतो?

सोपारेकर

पोर्तुगालमधील उच्चारात शब्दाच्या अखेरचा 'ल' जड, घशाकडे ओढलेला ऐकू येतो, आणि मराठी कानाला तो 'ळ'च्या जवळचा वाटला असावा, असा माझा तर्क आहे. कोकणीतल्या उच्चाराविषयी मांडवीतीर यांनी आपले मत द्यावे.