'आफ्टर तिशियन'ला मराठीत काय म्हणावं?

एका चित्रप्रदर्शनाच्या पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. चित्राखाली 'आफ्टर तिशियन' असं येतं. म्हणजे चित्र सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकार तिशियनचं नाही, त्याच्या चित्रावरून दुसऱ्यानं केलेलं. मी 'तिशियनच्या चित्रावरून' असं लिहिलं, तर संपादक म्हणतात, सरळ 'नक्कल' लिहा. पण त्याच पुस्तिकेत स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या 'लास मेनिनास' या चित्रावरून पिकासोनं १९५७ साली केलेल्या मालिकेचाही उल्लेख आहे. तिला नक्कल कशी म्हणू? 'आदरांजली' लिहिलं तर शोकसभेचा सूर लागतो. दोन्हीकडे चालेल असा शब्द आहे का?

'नक्कल'ला का घाबरता?
मूळ अरबी शब्द. इकडून तिकडे नेणं, उतरवून घेणं एवढाच अर्थ. जुन्या दस्तांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असतो, तो विश्वासाचा शेरा आहे. चांगला शब्द परीक्षेतल्या मुलांमुळे टाकून द्यायचा का?

असहमत
अर्थ वापरानं ठरतो, व्युत्पत्तीनं नाही. कुठल्याही चित्रकाराला 'ही नक्कल आहे' म्हणून बघा. आमचे चित्रकलेचे सर एकाच तासात 'कॉपी करा' आणि 'नक्कल करू नका' असं दोन्ही सांगायचे, आणि आम्हा सगळ्यांना फरक कळायचा.
व्हॅन गॉगनं १८८९-९०मध्ये फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या रुग्णालयात फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांवरून चित्रं केली. समोर होत्या बिनरंगी छापील प्रती. भावाला त्यानं लिहिलं की हे दुसऱ्या भाषेत, रंगांच्या भाषेत, भाषांतर करणं आहे. मग भाषांतर, रूपांतर तसं 'चित्रांतर' का नको?

चित्रांतर नको
घडवलेला शब्द वाचणाऱ्याला अडवतो. 'ओमाज' लिहा, आदर दाखवणारा फ्रेंच शब्द आहे, लोकांना कळतं.

ओमाज तर मुळीच नको
'ओम' म्हणजे माणूस. सरंजामी काळात मांडलिक धन्यासमोर 'मी तुमचा माणूस' अशी शपथ घ्यायचा, तो हा विधी. एदुआर मानेच्या १८६३च्या 'ऑलिंपिया'त मांडणी तिशियनच्या 'व्हीनस ऑफ उर्बिनो'ची आहे, पण देवीच्या जागी गणिका आहे आणि ती बघणाऱ्याकडे थेट रोखून बघते. यात शपथ कुठे आहे? ही तिशियनची उलटतपासणी आहे. मला हे चित्र फार आवडतं ते त्यासाठीच.

एक शब्द मागणंच चूक
चिनी चित्रपरंपरेत तीन वेगळे शब्द आहेत. 'मो' म्हणजे मूळ चित्रावर कागद ठेवून उतरवणं, 'लिन' म्हणजे शेजारी ठेवून बघून काढणं, 'फांग' म्हणजे जुन्या गुरूच्या धर्तीवर स्वतःचं चित्र करणं. मराठीत गिरवलेलं, बघून काढलेलं आणि धर्तीवरचं. तिन्ही शब्द घरचेच आहेत.

श्रेय दिलं की संपलं
शब्दांत कशाला अडकायचं? मूळ चित्रकाराचं नाव लिहिलं तर आदर, लपवलं तर चोरी.

इतकं सोपं नाही
इटालियन कोरीवकाम करणारा मार्कांतोनियो रायमोंडी. त्यानं जर्मन चित्रकार ड्यूररची चित्रं छापण्यासाठी कोरली, वर ड्यूररची नाममुद्राही कोरली. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी लिहितो की ड्यूररनं व्हेनिसमध्ये तक्रार केली आणि बंदी आली ती नाममुद्रेवर, चित्रं उतरवण्यावर नाही. इथे नाव लिहिणं हाच गुन्हा ठरला.
आणि जिवंत कलाकाराचं काय? लिन गोल्डस्मिथनं १९८१मध्ये काढलेल्या गायक प्रिन्सच्या छायाचित्रावरून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं चित्रं केली. २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वॉरहॉलची संस्था हरली. न्यायालयानं पाहिलं ते हे की मासिकात छापायला दिलेलं चित्र मूळ छायाचित्राचंच काम करतंय. वॉरहॉलच्या मनात आदर होता का, यावर काही ठरलं नाही. जिच्या कामावर तुमचं काम उभं आहे तिला विचारायला हवं, मग शब्द कुठलाही वापरा.

'गिरवणे'बद्दल
कागद ठेवून उतरवणं म्हणजे गिरवणं नव्हे. गिरवताना त्याच रेघेवरून हात फिरतो, दुसरी प्रत तयारच होत नाही. 'मो'साठी 'छापून घेणं' म्हणा.

छापून घेणं?
ते ठशाचं काम. आम्ही 'ट्रेस करणं'च म्हणतो.

पुन्हा मूळ प्रश्न
पुस्तिका उद्या छपाईला जाते. 'धर्तीवर' पिकासोला बसतं, पण तिशियनच्या ओळीसाठी अजून कुणी काही सुचवलेलं नाही.